वारा नसलेलं घर

पाकळी पडली नाही.

सकाळची पूजा आटोपल्यावर अनुपमाने शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन खांद्यांवर लावल्या होत्या, एक उजव्या, एक डाव्या, आणि डोळे मिटून पुटपुटत विचारलं होतं, उजवीकडे रोथेनबुर्ग, डावीकडे बांबेर्ग, त्यांच्यासाठी जे चांगलं ते दे. ही नावं देवापुढे उच्चारताना तिला अवघडल्यासारखं झालं होतं. जर्मनीतली दोन जुनी गावं, दोन्ही तिने फक्त कॅलेंडरवर पाहिलेली, आणि समोर वीतभर काळ्या दगडाचा रवळनाथ, ती पहिल्यांदा दुबईला निघाली तेव्हा वडिलांनी, बापूंनी, तिच्या ओटीत घातलेला. त्याने जन्मात कोकणाबाहेरचा प्रश्न ऐकला नसेल. पण इथे आल्यापासून त्याने सगळ्याचीच उत्तरं दिली होती. थोडा वेळ गेला की ओली पाकळी सुकायची, कड उचलायची, आणि दोन्हींतली एक आधी गळायची. जी आधी गळेल ते देवाचं म्हणणं. आज दुपार होत आली तरी दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे चिकटून होत्या, आणि ती पाटावर बसून होती. तिच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता, कारण सकाळी खडखड करून हॉलमधला एसी बंद पडला होता आणि जुम्म्याची नमाज झाल्याशिवाय मेकॅनिक येणार नाही असं वॉचमनने सांगितलं होतं. गुणवंत इराला घेऊन गारव्यासाठी मॉलमध्ये गेले होते. जाताना म्हणाले, "तू पण चल. देव काय उकडून मरणार नाही." ती म्हणाली, "कौल लावलाय." त्यावर ते नेहमीसारखे हसले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले, आणि चप्पल घालताना पायाने दारातला शू-रॅक पाडला.

आपलं काय चुकलं, हे ती शोधायला लागली. देव गप्प बसतो तेव्हा माणसाचंच काहीतरी चुकलेलं असतं, असं बापू म्हणायचे. सोमवारचं अळणी तिने सोडलं नव्हतं. रोजचा अध्याय चुकवला नव्हता. गुणवंतांच्या डोळ्यांचं कळल्यापासून तिने काजळ सोडलं होतं, ते लग्नाकार्यालासुद्धा घातलं नव्हतं. बाल्कनीतली तुळस दरवर्षी या दिवसांत जळायची, यंदाही जळली होती, पण तिला पाणी घालणं सुटलं नव्हतं. जळलेल्या काड्यांना पाणी घालते म्हणून समोरची शोभना हसायची. मग काय? प्रश्नच चुकीचा होता का? सहलीला कुठे जायचं हे देवाला विचारायचं असतं का? पण ही सहल नव्हती. ती मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती, ही सहल नव्हे रे देवा, तुला माहीत आहे.

गुणवंतांना काचबिंदू होता. कडांकडून सुरू होऊन नजर आत आत मिटत गेली होती. आता त्यांना जग बांगडीतून पाहिल्यासारखं दिसायचं, बांगडीत जेवढं मावेल तेवढं स्वच्छ, बाकी काही नाही. समोरच्या माणसाचं नाक दिसायचं तर कान दिसायचे नाहीत. टेबलाच्या कडेचा कप, अर्धं उघडं कपाट, पायाशी बसलेलं मूल, हे सगळं त्यांच्या जगातून गेलं होतं. गाडी विकली. इरा हल्ली बाहेर त्यांचा हात धरून चालायची, लाडात आल्यासारखं दाखवत, आणि तिला पाहून अनुपमाला वाटायचं, पंधरा वर्षांच्या पोरीला हे नाटक कुणी शिकवलं. गेल्या खेपेला मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता जे आहे ते किती टिकेल सांगता येत नाही. काय बघायचं असेल ते बघून घ्या, असं काही ते म्हणाले नाहीत. पण परत येताना विमानात गुणवंत म्हणाले, "अनु, मला एक जर्मन गाव बघायचंय."

तरुणपणी पुण्यात ते संध्याकाळी जर्मन शिकायला जायचे. पुढे दुबईच्या ज्या कंपनीत लागले ती जर्मनीहून पंप आणि व्हॉल्व आणायची, आणि दर वर्षी तिकडून एक मोठं कॅलेंडर यायचं, महिन्याला एक जुनं गाव. वर्ष संपलं की गुणवंत ते फेकत नसत. कपाटाच्या वर गुंडाळ्या साठल्या होत्या. सुट्टी आली की मात्र दर वेळी भारत, कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाचं आजारपण. जर्मनी भिंतीवरच राहिली. या उन्हाळ्यात त्यांनी साठलेली सगळी रजा काढली आणि म्हणाले, "दहा दिवसांत दहा गावं नकोत. ते बघून झालं की सगळं एकमेकांत कालवलं जातं. एकच गाव घ्यायचं. महिनाभर तिथेच. रोज तोच रस्ता, तेच घर, तीच खिडकी, पाठ होईपर्यंत. म्हणजे मग," आणि ते थांबले. मग काय, हे कुणी विचारलं नाही. तिला विमानातच कळलं होतं. मग ते गाव त्यांना उरलेलं आयुष्य पुरवायचं होतं.

काल रात्रीच्या जेवणानंतर सगळी कॅलेंडरं टेबलावर पसरली होती. शनिवारी व्हिसाची फाईल द्यायची होती, त्यात राहण्याचा एक पत्ता लागणार होता, आणि ट्रॅव्हल एजंटचा तिसऱ्यांदा फोन आला होता. पाच गावांतली तीन गेल्या आठवड्यात गळली होती. ल्युबेक समुद्राजवळ, तिथे वारा फार. क्वेडलिनबुर्गला जायला गाड्या बदलाव्या लागतात. रेगेन्सबुर्ग का गळलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं.

"हे बघ रोथेनबुर्ग," गुणवंत कागदावर नाक टेकवल्यासारखे वाकून म्हणाले. "गावाभोवती अख्खा तट. तटावरून चालत जाता येतं, वर छप्पर आहे. आणि ही दोन रस्त्यांची बेचकी, मधलं पिवळं घर. डोळ्यांचं पारणं म्हणतात ना."

"इट लुक्स लाइक अ केक, बाबा," इरा म्हणाली. "लाइक समवन विल कट इट."

"आणि बांबेर्ग?" अनुपमाने विचारलं.

"बांबेर्ग पण आहे. त्यांचा जुना टाउन हॉल नदीच्या मधोमध, पुलावर. टेकड्या, चढउतार. पण तुला नाही चालायचं ते, आधीच सांगतो. आमचा जर्मन साहेब म्हणायचा, गावात शिरायच्या आधी नाकाला कळतं. भाजलेलं धान्य आणि धूर. गावभर बिअरच्या भट्ट्या."

"आईचा चातुर्मास इन अ ब्रुअरी," इरा हसली. "दॅट आय वॉना सी."

"मला काय त्याचं. तुम्हाला कुठलं आवडतंय?"

गुणवंतांनी दोन्ही कागद उचलले. ते एकदा याच्यावर, एकदा त्याच्यावर वाकत होते. मग कागद ठेवले, चष्मा काढून डोळे चोळले आणि तिच्याकडे, म्हणजे तिच्या खांद्याच्या जरा पलीकडे पाहत म्हणाले, "मला ठरवता येत नाही, अनु. चुकलं तर परत जाता येणार नाही. तुझ्या देवाला विचार."

लग्नानंतर इतक्या वर्षांत ते असं कधीच म्हणाले नव्हते. तिच्या कौलाला ते हेड ऑफिस म्हणायचे. हेड ऑफिसची मंजुरी आली का, असं मित्रांसमोर विचारायचे. पाकळी पडली की देवाचा प्रसाद म्हणून अनुपमा ती स्वतःच्या डोळ्यांना लावायची, इराच्या लावायची, आणि त्यांच्याकडे वळली की ते हात आडवा धरायचे, "ते ओलं गवत डोळ्यांना नको, इन्फेक्शन होईल." आणि काल तेच म्हणाले, तुझ्या देवाला विचार. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला एकदम भीती वाटली, घरातला एखादा मोठा माणूस रडायला लागावा तशी.

बेल वाजली. एसीवाला अन्वर होता, टोपी खिशात खुपसत, नमाजहून सरळ आलेला. "भाभी, इतनी गर्मी में बैठी हो? पागल हो जाओगी." तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. तो खिडकीतल्या एसीचं तोंड उघडून आत हात घालत होता आणि एकीकडे बोलत होता, त्याच्या गावच्या आंब्यांबद्दल, मालकाच्या कंजूषपणाबद्दल. "ये मशीन भाभी, मेरे से भी बूढ़ी है. मालिक बदलेगा नहीं. इन्शाल्ला बोलेगा, बस." जाळी काढून त्याने बाथरूममध्ये धुतली, काळं पाणी वाहून गेलं. मग कुठलीशी तार जोडली, बटण दाबलं, आणि यंत्र आधी खोकलं, मग घुमायला लागलं. "खलास," अन्वर म्हणाला. "अब बैठो कश्मीर में." दाराशी जाताना देवाकडे बघून त्याने सवयीने मान किंचित लववली, चहा पुढच्या वेळी म्हणाला आणि गेला.

ती परत पाटावर येऊन बसली. गार हवा आधी तिच्या उजव्या... नाही, तिच्या डाव्या गालाला लागली. समोर बसलेल्या देवाच्या उजव्या अंगाला. तिने काही विचार केला नव्हता. घाम वाळताना अंगावर शहारा आला, इतकंच. मग तिला दिसलं की उजव्या खांद्यावरची पाकळी थरथरतेय. सकाळपासून दगडाला जिवणीसारखी मिटून बसलेली ती पाकळी कडेने सुकायला लागली, टोक उचललं, पुन्हा बसलं, पुन्हा उचललं. डावीकडची तशीच होती, ओली, चपटी, देवाच्याच अंगाच्या आडोशाला. आणि मग उजवी गळली, तबकात पडली. रोथेनबुर्ग.

नेहमीप्रमाणे हात जोडायला तिचे हात उचलले गेले आणि अर्ध्यावर राहिले.

गावच्या देवळात बापू कौल लावायचे तेव्हा आधी दारं लावून घ्यायचे. पुढचं दार, बाजूची खिडकी, गाभाऱ्याच्या मागची झरोक्याची फळीसुद्धा. पेरणी कधी करावी, पोर कुठे द्यावी, विहिरीला पाणी कुठे लागेल, असे प्रश्न घेऊन आलेली माणसं अंधारात दाटीने बसलेली असायची आणि बापू त्यांना सांगायचे, श्वास जपून घ्या रे, वारं लागता कामा नये. वारं लागलं तर बोलतं ते वारं, देव नव्हे. लहानपणी पिटकुळीच्या फुलाच्या कळ्या भिजवून द्यायचं काम तिचं होतं. बाईने कौल लावायचा नसतो, तरी ती दारामागे उभी राहून सगळं शिकली होती, आणि इथे आल्यावर, इथे कोण विचारतंय, असं म्हणून तिने स्वतःच लावायला सुरुवात केली. देवाची जागा तिने विचार करून निवडली होती. या देशात खिडक्या उघडतच नाहीत. वाऱ्याची झुळूक नाही, पडदा हलत नाही, बाहेर वाळू उडो नाही तर काही होवो. बापू असते तर म्हणाले असते, अशी जागा देवळालासुद्धा मिळत नाही. वारा नसलेलं घर. आणि खिडकीतलं ते यंत्र रात्रंदिवस घुमत होतं. त्याच्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती की तो आवाज म्हणजे शांतता असंच तिला वाटत आलं होतं. वारा म्हणजे बाहेरून येतो तो. डोंगरावरून येतो, दर्यावरून येतो. बटणाने येतो त्याला ती वारा म्हणालीच नव्हती. ती त्याला एसी म्हणाली होती.

देवाची परीक्षा घेऊ नये. हे तिला माहीत होतं, आणि तरी तिने पुन्हा दोन पाकळ्या भिजवल्या. देवाच्या उजव्या खांद्यावर एक लावली, डाव्या खांद्यावर एक, आणि पुटपुटली, उजवीकडे आज सोमवार, डावीकडे आज शुक्रवार. मग ती बघत राहिली. बाहेर मशिदीच्या बाजूने माणसं घरी परतत होती, खालच्या कॅफेटेरियात शुक्रवारची गर्दी होती, सगळं शहर शुक्रवार होतं. उजवी पाकळी गळली. देवाने सांगितलं, आज सोमवार. तिला हसू आलं, खरंच आलं, तोंडावर पदर धरावा लागला. आज सोमवार असेल तर तिने सकाळी मीठ घातलेले पोहे खाल्ले होते. मग त्या हसण्याचंच रडू झालं आणि तिला उठून बेसिनशी जावं लागलं.

तोंडावर पाणी मारून ती परत आली. पाटावर बसवेना, म्हणून सोफ्यावर देवाकडे पाठ करून बसली, आणि मग तेही बरं वाटेना, म्हणून उठून भिंतीला टेकून उभी राहिली. उजवा कौल मिळाला की काम करायचं. आजवर तिला उजवाच मिळाला होता. बायका म्हणायच्या, अनुपमाचा देव कडक आहे, पण तिच्यावर त्याची मर्जी आहे. कसला उजवा. प्रश्न विचारताना ती नेहमी स्वतःला जे थोडं जास्त हवं असायचं ते उजवीकडे ठेवायची. मुद्दाम नव्हे. पानात आवडती भाजी आपसूक जवळ वाढून घ्यावी तसं. इराच्या पाठीवर दुसरं मूल नको, हे उजवीकडे होतं. अल कुसैसची मोठी जागा सोडून देवळाजवळ बर दुबईत या दोन खोल्यांत यायचं, हे उजवीकडे होतं. म्हणजे इतकी वर्षं तिचीच इच्छा भिंतीवर आपटून तिच्याकडे परत येत होती आणि ती तिला नमस्कार करत होती. रवळनाथाने एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. तो नुसता उभा होता, ओल्या खांद्यांनी, थंडीत.

आणि मग जिकडे मन सकाळपासून जात नव्हतं तिकडे ते गेलंच. तो उन्हाळा. गुणवंत म्हणाले होते, रात्री दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, आणि हल्ली पायऱ्या चुकतात. कंपनीच्या डॉक्टरने सांगितलं, भारतात जाताय तर डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्या. त्याच सुट्टीत बापूंचं वर्षश्राद्ध होतं. रजा थोडी, गाव लांब, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरची वेळ मिळायची तर आठ दिवस तिथेच जाणार. तिने कौल लावला. उजवीकडे, डोळे पुढच्या वर्षी दाखवू. डावीकडे, याच वर्षी. पाकळी पडली तेव्हा तिला किती हलकं वाटलं होतं ते तिला अजून आठवत होतं. गुणवंत वर्तमानपत्रामागून म्हणाले होते, "हेड ऑफिसने सुट्टी मंजूर केली म्हणायची." पुढच्या वर्षी शारजात कसलं तरी प्रोजेक्ट निघालं आणि जाणं झालंच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर. गुणवंत तिला कधी शब्दाने बोलले नाहीत. त्यांच्या कदाचित लक्षातही नसेल. आणि ती या सगळ्याखाली उभी राहू शकली ती एका गोष्टीवर, की हे देवाने सांगितलं होतं. त्याच्या मनात काही असेल. आपल्याला कळत नाही, पण त्याने उगाच सांगितलं नसेल. रोज रात्री त्यांच्या डोळ्यांत थेंब घालताना, वरची पापणी बोटाने उचलून धरताना, ती हे मनात म्हणायची आणि तिचा हात स्थिर राहायचा. आता आज रात्री हात कशावर स्थिर ठेवायचा?

तिने जाऊन एसी बंद केला.

घुमणं थांबल्यावर घरात असलेले कितीतरी आवाज पुढे आले. फ्रीज. नळाचा थेंब. वरच्या मजल्यावरची खुर्ची. उकाडा भिंतींतून हळूहळू आत यायला लागला, दूध तापताना वर यावं तसा. तिने दार लावलं, स्वयंपाकघराचं दार लावलं, बाथरूमचा एक्झॉस्ट बंद केला. बापू असते तर असंच केलं असतं. मग नव्या दोन पाकळ्या. उजवीकडे रोथेनबुर्ग, डावीकडे बांबेर्ग. आता सांग. आता कुणी मध्ये नाही. ती पदराने घाम टिपायलासुद्धा हलली नाही. श्वास जपून घेत राहिली. बाहेरचं ऊन पडद्याच्या कडेने पिवळं झालं, मग तांबूस. पाकळ्या हलल्या नाहीत. त्या हलणार नव्हत्या. या दमट उकाड्यात त्या दगडावर रात्रभर चिकटून राहिल्या असत्या. तिने देवाच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं चंदनाने झिजलेलं नाक, ओठांच्या जागी एक रेघ. लहान असताना तिला वाटायचं की ही रेघ हसते. आज तिला तीत काहीच दिसलं नाही. दगड होता, बापूंनी दिलेला होता, आणि त्याच्यावर आपण पाणी ओतत होतो.

मग निदान आपण ठरवलं पाहिजे, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यात आधार कुठेच नव्हता. तिने टेबलावरचे दोन्ही कागद आणले. रोथेनबुर्ग. पिवळं घर, तांबडी छपरं, खिडक्यांत फुलं. किती चित्रासारखं. ते कागदावर नाक टेकवून रोज हेच बघतात, म्हणजे हे त्यांना आत्ताच पाठ आहे. तिथे गेल्यावर ते बांगडीतून एकेक तुकडा बघत फिरतील आणि नजर गेल्यावर त्यांच्याजवळ काय राहील? हेच कॅलेंडर. तिने डोळे मिटले आणि त्या गावात उभं राहून पाहिलं. काही ऐकू आलं नाही. केक. मग तिने बांबेर्ग हातात घेतलं आणि डोळे मिटूनच ठेवले. पुलाखालून पाणी जोरात जात होतं. डावीकडे चढ होता, तो पोटऱ्यांना कळत होता. कुठल्या तरी टेकडीवर घंटा झाली आणि दुसऱ्या टेकडीवरून थोड्या वेळाने दुसरी. आणि वास. भाजलेल्या धान्याचा, धुराचा. तिला एकदम श्रावणाआधी नाचणी भाजायचे त्या खापराचा वास आला, आणि त्याच्या मागे तो दुसरा, बिअरचा, आंबूस, जो तिला कधीच सोसला नव्हता. महिनाभर त्या वासात राहायचं, तिथेच सोमवार करायचा, तिथेच दिवा लावायचा. ते चाललं असतं. पण हे खरं आहे की हेसुद्धा तिच्याच मनाचं वारं? तिने त्यांचं शेवटचं बघणं हिरावून त्यांच्या हातात ऐकणं आणि हुंगणं ठेवलं तर? ज्या माणसाला शेवटचं पोटभर बघायचंय त्याला आपण आधीच आंधळा धरून चाललो आहोत, हे कुठल्या बायकोने करावं? तिला विचारायला कुणी नव्हतं. पहिल्यांदाच नव्हतं.

दारात किल्ली फिरली. "ओ माय गॉड, आई, इट्स अ सौना," इरा म्हणाली आणि सरळ आतल्या खोलीत गेली. गुणवंत दारात चाचपडत चपला काढत होते. "अन्वर आला नाही का अजून?"

"येऊन गेला. मीच बंद केलाय."

"का गं?" मग त्यांना आठवलं. ते भिंतीला हात लावत आत आले आणि तिच्यामागे उभे राहिले. "झालं? बोलला का?"

तिने देवाकडे पाहिलं. दोन्ही पाकळ्या खांद्यांवर होत्या, तजेलदार, मघाशी लावल्यासारख्या. दिवेलागणीची वेळ, खोलीत अंधार भरत होता आणि त्यांना तो अंधार तिच्यापेक्षा कितीतरी जास्त होता.

"बोलला," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू, त्यांना कान द्यावा लागला. "बांबेर्ग."

ते टेबलाच्या कडेला टेकले. तिला दिसलं, त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, पिवळं घर, दोन रस्त्यांची बेचकी, छप्पर असलेला तट. लहान मुलाच्या हातातून वस्तू काढून घेतल्यावर ते आधी हाताकडेच बघत राहतं, तसे ते समोर बघत राहिले. तेव्हा तिने सांगायला हवं होतं. तिचे ओठ हललेही. पण ते हसले.

"ठीक," ते म्हणाले. "बरं झालं. मी ठरवलं असतं तर रोथेनबुर्गच म्हणालो असतो, आणि जन्मभर वाटलं असतं की चुकलो. आता त्याच्यावर. खलास." मग जरा लाजल्यासारखं, "तू एवढी वर्षं करतेस ना, अनु, मी चेष्टा करायचो. पण माणसाला कुठेतरी सोपवता आलं पाहिजे. हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय."

आणि त्यांनी हात जोडले. देव जिथे होता त्याच्या थोडं डावीकडे, रिकाम्या भिंतीला. तिने त्यांना वळवलं नाही. कसं वळवणार, कुठे वळवणार. दूर मगरिबची अजान सुरू झाली. तिला आठवलं की दिवा लावायचाय, आणि हात सवयीने निरांजनाकडे गेला, पण मधेच वळून तिने एसीचं बटण दाबलं. यंत्र खोकलं, घुमायला लागलं. वारं त्यांच्या दोघांच्या मधून देवाच्या अंगावर गेलं. ती बघत होती. उजव्या खांद्यावरची पाकळी थरथरली, कड उचलली, आणि बऱ्याच वेळाने, ते दोघं तसेच उभे असताना, तबकात पडली.

तिने वाकून ती उचलली. एवढीशी, गार, रोथेनबुर्गची.

"प्रसाद ना तो?" गुणवंतांनी विचारलं. तिच्या बांगड्या वाजल्या तेवढ्यावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, कडेला, जिथून तो पडणार होता, आणि डोळे मिटून चेहरा पुढे केला. "लाव," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.